सव्वा रुपयाचा हापूस

गुहागरच्या आमच्या बागेतील आंब्यांचा हिशेब काका गेली चाळीस वर्षे लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहीत आले आहेत आणि त्यात पैशाचीही चूक कोणी काढलेली नाही. तो संगणकावर आणण्याचा उपद्व्याप मी एका फाल्गुनात केला. त्यासाठी निवडलेली आज्ञावली फुकट होती आणि ती घडवणारी मंडळी बहुतांशी फ्रेंच होती. यांपैकी पहिलीच गोष्ट तेव्हा माझ्या नजरेत भरली. काकांनी संगणकाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. मी हसलो, पण हसायला नको होते, हे पुढे कळले. फ्रेंच लोक संगणकाला ‘ऑर्दिनातर’ म्हणतात. झाक पेरे या लॅटिनच्या प्राध्यापकांनी १९५५ साली आयबीएमच्या फ्रान्समधील कंपनीला हा शब्द सुचवला, तेव्हा जगाची घडी बसवणाऱ्या देवाचे हे जुने विशेषण आहे, असे त्यांनी पत्रात आवर्जून लिहिले होते.

देवाने पहिल्याच बिलात प्रचीती दिली. पडद्यावरचे शब्द मी इंग्रजी करून घेतले होते, परंतु आकडे फ्रेंचच राहिले होते. फ्रेंचांचा स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश बिंदू, आणि हजार दाखवायला ते नुसती मोकळी जागा सोडतात. दोन डझनांच्या खोक्यापुढे मी ‘१,२५०’ लिहिले आणि दादरच्या गिऱ्हाइकाला ‘१,२५’ असे बिल गेले.

“सव्वा रुपया?” काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “अरे, हा आंब्याचा भाव आहे की सत्यनारायणाची दक्षिणा?”

गिऱ्हाईक मात्र व्यवहाराला चोख निघाले. त्याने तत्काळ यूपीआयने सव्वा रुपया पाठवून वर पावतीही मागितली.

मी त्या मंडळींना इंग्रजीत लिहिले. आठ दिवस कोणी हूं की चूं केले नाही. तेथे इंग्रजी चालते हे खरे, पण आपल्याकडे पाहुण्यांसमोर हिंदी चालते तशी. पाहुण्यांची पाठ वळली की घरातले जे बोलतात, ती भाषा निराळी. मग मी यंत्राकडून भाषांतर करून घेतले आणि इंग्रजीच्या खाली तोच मजकूर फ्रेंचमध्ये जोडला, आरतीमागून मंत्रपुष्पांजली यावी तसा. तासाभरात तीन उत्तरे आली. तिन्ही फ्रेंचमध्ये होती, आणि मी ‘व्हू’ म्हणून आदराने विचारलेले असताना तिघांनीही मला ‘त्यु’, म्हणजे चक्क अरेतुरे केले होते. तिकडच्या तंत्रज्ञांत ही आपुलकीची रीत आहे म्हणे. काकांना ती मुळीच रुचली नाही. “ओळख ना पाळख,” एवढेच ते म्हणाले.

त्यांतल्या एकाने दूरध्वनीवरून मदत करू पाहिली आणि आज्ञावलीतली सत्त्याण्णवावी ओळ पाहा, असे सांगितले. फ्रेंचमध्ये सत्त्याण्णव म्हणजे ‘चार-वीस-दहा-सात’. मी चौथी ओळ पाहिली, विसावी पाहिली, दहावी पाहिली. आमची आजी नारळ मोजताना ऐंशीला ‘चार विसा’ म्हणायची. ती असती तर तिने एका दमात ओळ शोधली असती.

अखेर माझी दया येऊन त्याने केवळ माझ्यासाठी इंग्रजीत लिहिले, की ही दुरुस्ती आम्ही ‘इव्हेंच्युअली’ करू. उशिरा का होईना, पण होणार, असा इंग्रजी अर्थ लावून मी काकांना निश्चिंत राहायला सांगितले. चैत्र संपला, वैशाख संपला, शेवटची पेटी मुंबईला गेली आणि कौलांवर पाऊस वाजू लागला, तेव्हा कोठे माझ्या वाचनात आले, की फ्रेंच ‘एव्हांत्युएलमाँ’चा अर्थ ‘कदाचित’, ‘जमलेच तर’ असा आहे. त्या बिचाऱ्याने आपला शब्द इंग्रजी कपडे घालून पाठवला होता.

“म्हणजे ‘बघूया’ म्हणाला तो,” काका म्हणाले. “मग एवढा वेळ कसली वाट पाहत होतास?”

त्यांनी फडताळातून लाल वही काढून माझ्यापुढे उघडली. त्या दादरच्या खोक्यापुढे त्यांनी चैत्रातच लिहून ठेवले होते : येणे रु. १,२४८.७५.