तैवानच्या अभ्यासातून ‘गोळ्या सोडा’ असं निघत नाही

सध्या फिरणारा एक मेसेज असा: ‘तैवानमध्ये हजारो रुग्णांवर सिद्ध झालंय. मधुमेहाने किडनी बिघडलेले जे लोक चिनी औषधं घेतात, ते जास्त जगतात. वनस्पतीच आहेत, अपाय नाही. गोळ्या सोडा, डायलिसिस टळेल.’ यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच बाकीचं खपतं.

‘सिद्ध झालंय.’ अभ्यास झालेत. तैवानची राष्ट्रीय आरोग्य विमा योजना १९९५ पासून आहे आणि चिनी वैद्यांचे उपचारही तिच्यात येतात. त्या बिलांच्या नोंदींतून संशोधकांनी घेणारे आणि न घेणारे वेगळे काढले; घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले. पण औषध कोणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. समजा, दोघांचं निदान जानेवारीत झालं. एक मार्चमध्ये वारला. त्याची नोंद ‘न घेणारा’. दुसरा पुढच्या वर्षी वैद्याकडे गेला आणि ‘घेणारा’ ठरला. म्हणजे तसं ठरायलाच त्याला वर्षभर जगावं लागलं! ते वर्ष औषधाच्या खात्यात धरलं, तर औषध आहे त्याहून गुणकारी दिसतं. चांगले संशोधक ही चूक टाळायला झटतात. तरी बिलात क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती चालते हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा नसतो, सिगारेटची सवय नसते. आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण वैद्याकडे जाईलच कसा?

‘गोळ्या सोडा.’ हे या अभ्यासांनी तपासलेलंच नाही. हाँगकाँगमध्ये ११८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं आणि एका गटाला ४८ आठवडे अ‍ॅस्ट्रॅगलस ही चिनी औषधी वनस्पती दिली, तीही नेहमीच्या उपचारांच्या जोडीला. किडनीची घसरण मंदावली. मला हे आशादायक वाटतं. पण माणसं जास्त जगतात का, हे एवढ्यावरून कळत नाही.

‘अपाय नाही.’ हे वाक्य मला सर्वांत धोकादायक वाटतं. ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या तरुण स्त्रियांच्या किडन्या झपाट्याने निकामी झाल्या. १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एका वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया आली होती. तिच्यातलं आम्ल किडनी कायमची घालवतं, मूत्रमार्गाचा कर्करोगही करतं. खुद्द तैवानने २००३ मध्ये अशा वनस्पतींवर बंदी घातली.

‘डायलिसिस टळेल.’ ते लांबवणारी औषधं आज आहेत. डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीच्या २०२० च्या चाचणीत ४,३०४ किडनीरुग्ण होते, त्यांतले दोन-तृतीयांश मधुमेही. मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. या औषधाचं मूळही वनस्पतीतच आहे: सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळं केलेलं फ्लोरिझिन. भारतात आता डापाग्लिफ्लोझिनची स्वस्त जेनेरिक मिळतात.

घरात कोणी असं चूर्ण सुरू केलंच असेल, तर पाकीट घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे जा आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम लगेच तपासून घ्या.