खुलासा : त्या ४० यार्डांबद्दल

‘बचाव संघाच्या पास इंटरफिअरन्सला १५ यार्डच असतात, एनएफएलच्या पंचांनी ४० देऊन घोळ घातला’ ही अमेरिकन फुटबॉलवरची माझीच पोस्ट फिरतेय. (पास इंटरफिअरन्स म्हणजे पास झेलू पाहणाऱ्याला चेंडू यायच्या आधीच ओढणं, ढकलणं; त्याची शिक्षा यार्डांत मोजतात. एनएफएल ही तिथली व्यावसायिक लीग.) घोळ माझा आहे, पंचांचा नाही. १५ यार्डांची मर्यादा कॉलेज फुटबॉलची. दोन्ही नियमपुस्तिका शेजारी ठेवल्यावर ते लक्षात आलं. एनएफएलमध्ये फाउल घडला तिथेच चेंडू ठेवतात, वर फर्स्ट डाउन, म्हणजे चार नवे प्रयत्न. खेळ सुरू झाला त्या रेषेच्या ४० यार्ड पुढे असलेल्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) चेंडू हातात यायच्या आधीच ओढलं, तर ४०च. एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवायच्या पट्ट्यात) ओढलं, तर चेंडू सहसा त्याच्या १ यार्ड आधीच्या रेषेवर. (आक्रमण करणाऱ्याने ढकललं तर १० यार्ड मागे, ते वेगळंच प्रकरण.) पोस्ट काढलीय. स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हे टाका.