पहिलाच मोर करा

स्टेन्ड ग्लासचा, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून चित्र करण्याचा, छंद जडवून घ्यायचं ठरलंय ना? मग सुरुवात मोरापासूनच करा. आठ इंची चौकोनी पॅनेल, दहा-बारा तुकडे, सगळ्या कडा सरळ, असलं काम ज्यांना आयुष्यात काही करून दाखवायचं नाही त्यांच्यासाठी असतं. त्याने हात बसतो म्हणे. बसू दे बापडा. तुमच्या खिडकीत पैठणीच्या पदरावरचा मोर हवा, पिसारा फुललेला, किमान ८६ तुकड्यांचा, आणि तोही दिवाळीच्या आत.

चित्र मोबाइलवरून छापून घ्या. ते काचेसाठी काढलंय की साडीसाठी, हे बघत बसू नका. मोराची मान खोल बाकाची आहे, तर ती अखंड एकाच तुकड्यात कापा, आणि मागची निळी काचही त्या बाकात नेमकी शिरेल अशी, एकच. पिसातला डोळा म्हणजे पूर्ण गोल, तो सभोवतालच्या तुकड्यात भोक पाडून बसवायचा. काचेवर ओढलेली रेघ मोडताना एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते, मध्येच गोल फिरून थांबत नाही, म्हणून जाणकार त्या डोळ्यापासून काठापर्यंत एक-दोन जोडरेघा चित्रातच काढून ठेवतात. तुम्ही ठेवू नका, चित्र बिघडतं. मात्र मोराच्या पायाखाली डावीकडून उजवीकडे आरपार जाणारी जमिनीची सरळ रेघ अवश्य हवी. तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ चिकटपट्टी गुंडाळून ती सोल्डरने, म्हणजे डाखाने, जोडलेल्या पॅनेलमध्ये अशी रेघ बिजागरीचं काम करते. उचललंत की पॅनेल तिथेच वाकतं. घडीचा मोर गावाला न्यायलाही सोयीचा.

आता काच. ती वितळलेली असतानाच तिच्यात रंग मिसळलेला असतो, निळ्यासाठी कोबाल्ट, काही गुलाबी छटांसाठी खरोखरचं सोनं, म्हणून गुलाबी तुकड्याची किंमत ऐकून दुकानदाराशी हुज्जत घालायला हरकत नाही. हे परवडत नसेल तर साध्या काचेवर बाटलीतला रंग आणि काळी आउटलायनर ट्यूब फिरवून त्यालाच स्टेन्ड ग्लास म्हणता येतं, बरेच लोक म्हणतात. पण तुम्ही खरी काच घेणार, तर संपूर्ण पारदर्शक घ्या. दुधी, धुरकट अशी ओपलेसंट काच मागचं झाकते आणि उजेड स्वतःत धरून ठेवते. पारदर्शक काचेतून समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांचे दोरीवर वाळत घातलेले बनियन मोराच्या पोटात स्पष्ट दिसतात, निळ्या रंगात. खिडकीतून किती उजेड येतो, कुठल्या बाजूने येतो, हे काच घेण्याआधी बघणं म्हणजे फाजील चिकित्सा. पुण्यात वानवडीच्या शिंदे छत्रीतल्या रंगीत काचा दिवस चढताना कशा बदलतात ते पाहायला एकदा सकाळी आणि एकदा दुपारी जाऊन यावं, असं कुणी सुचवेल. पेट्रोल फार महाग आहे.

काच कापण्याबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण वाट लावायला इथेच खरा वाव आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कटरने काच कापली जात नाही. कार्बाइडचं इवलंसं चाक काचेवर एक बारीक चीर पाडतं, आणि मग हाताने मोडताना काच त्या चिरेवरून दुभंगते. हे समजलं तर माणूस उगाच हलका हात ठेवतो. तुम्ही सुरण चिरल्यासारखा जोर लावा. योग्य दाबाला बारीक, सलग, कापड टरकावल्यासारखा आवाज येतो आणि रेघ जेमतेम दिसते. जोर जास्त झाला की रेघ पांढरीफटक, भुकटी सांडणारी येते, तिच्या काठाने बारीक ढलप्या उडतात आणि मोडताना काच मनाला येईल तिकडे जाते. पांढरी रेघ छान ठसठशीत दिसते, फोटोतही उठून दिसते, तेव्हा तीच ओढा. मग खात्री वाटत नसेल तर त्याच रेघेवरून पुन्हा एकदा चाक फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलेलं चाक पहिल्या चिरेच्या काठांवरून उड्या मारतं, त्याची धार जाते आणि काचेत एकाऐवजी दोन-तीन चिरा तयार होतात. मोडताना त्यांतली कुठली निवडायची याचा विचार काचेने करावा.

चाकाला तेल लावू नका. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात, पण ते आणायला उठावं लागतं. काचेची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खडबडीत असेल तर खडबडीत बाजूवर रेघ ओढा, म्हणजे चाक खळग्यांवरून ठेचकाळत जाईल. रेघ ओढून झाली की चहा टाका, पेपर वाचा. ताजी रेघ लगेच मोडली तर काच निमूट दुभंगते, ठेवून दिली की हट्टाला पेटते. तुम्हाला आव्हानं आवडतात.

मोडायची रीत अशी: रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे वर, मुठी खालून एकमेकींना चिकटलेल्या, आणि बिस्किट मोडावं तशी मनगटं बाहेर फिरवायची. लांब रेघेला रनिंग प्लायर असतो, त्याच्या जबड्यावरची खूण रेघेवर धरून हलकेच दाबलं की चीर तुमच्या डोळ्यांदेखत सरसर पुढे पळते. हे दृश्य एकदा पाहिलं की माणूस या छंदातून सुटत नाही, म्हणून पाहू नका. घरातली साधी पक्कड घ्या. मानेचा आतला बाक तर एका झटक्यात काढायचा. आधी उथळ कमान कापून ती चंद्रकोर काढायची, मग थोडी खोल, मग आणखी खोल, अशा चार-पाच कोरींनी मूळ रेघेपर्यंत पोहोचायचं, ही झाली घाबरटांची पद्धत. तुमची मान मधोमध, काटकोनात तुटेल. मोराने मागे वळून पाहिलंय असं सांगता येतं.

काचेचा चुरा टेबलावरून हातानेच झटका. ब्रश भिंतीला मारायला असतो. चष्मा कपाळावर ठेवा, तिथे तो शोभतो.

साचा कापताना प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याच्या पट्टीपुरती किंचित जागा सोडावी लागते, मिलिमीटरभरही नसते ती. एवढ्याशाने काय होतंय? काहीच नाही. प्रत्येक तुकडा अर्धा मिलिमीटर मोठा आला आणि एका ओळीत दहा तुकडे असले, तर शेवटचा तुकडा चौकटीच्या पाच मिलिमीटर बाहेर बसतो, इतकंच. मग तो ग्राइंडरवर, म्हणजे काचेच्या कडा घासायच्या यंत्रावर, घासा. ग्राइंडरच्या टाकीत पाणी घालायचं राहिलं तरी चालतं: पांढरी कोरडी भुकटी उडते, ती तुमच्या छातीत जाते आणि हिऱ्याचा बिट लवकर संपतो. सारं फ्लॅटमध्येच, शक्यतो ओट्यावर, कणकेच्या परातीशेजारी.

तांब्याची पट्टी हा त्यातल्या त्यात शांत भाग. तीन मिलिमीटरच्या काचेला साधारण साडेपाच मिलिमीटरची पट्टी लागते, म्हणजे कडेवरून दोन्ही अंगांना सव्वा-सव्वा मिलिमीटर दुमडते. हे दोन्हीकडचं सव्वा सारखं आलं तरच पुढे सोल्डरची रेघ सारख्या जाडीची येते, कारण सोल्डर फक्त तांब्यावर पसरतं, काचेवर नाही. पट्टी एकीकडे सरकली की एका बाजूने दोरा आणि दुसऱ्या बाजूने नाडा. काच धुऊ नका. कापतानाचं तेल आणि घासतानाची भुकटी कडेवर तशीच ठेवली तर पट्टी चिकटल्यासारखी करते आणि सोल्डर वितळवणारा गरम आयर्न लागताच उलगडते, साबणाच्या पाण्याने ते टळतं. आणि पट्टी लावलेले तुकडे पावसाळाभर बाल्कनीतल्या खोक्यात उघडे ठेवा. तांबं काळवंडतं आणि मग त्याच्यावर सोल्डर धरत नाही. तांब्याशी शतकानुशतकं व्यवहार असलेली तांबट आळी कसब्यात आहे, कुणीही सांगेल की तांबं आधी लख्ख हवं. विचारू नका.

सोल्डरिंगसाठी बुधवार पेठेतून २५ वॅटचा, रेडिओ दुरुस्तीचा, पेन्सिलीएवढा आयर्न आणा. तो सोल्डरची तार वितळवतो, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटतं. पण काच आणि तांबं मिळून त्याची उष्णता शोषून घेतात, सोल्डर वाहतच नाही, चकलीच्या काट्यांसारखं वर उभं राहतं. ८० ते १०० वॅटचा, तापमान ताब्यात ठेवणारा आयर्न या कामाला लागतो. सोबत ज्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते तीच घ्या, म्हणजे सगळीकडे तपकिरी चिकटा राहील. बिनगाभ्याची, ६०/४० म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं असलेली तार आणि तांब्यावर सोल्डर धरावं म्हणून लावायचं वेगळं फ्लक्स, ही जाणत्यांची निवड. ती १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळते आणि झटकन घट्ट होते, म्हणून फुगीर, गोलसर रेघ उभी राहते. ५०/५० तार त्याहून वरच्या तापमानाला वितळते आणि सावकाश थिजते, तोवर सपाट होऊन बसते.

आयर्नचं टोक काळं पडलं की कानशीने घासा. त्याच्यावरचा लोखंडाचा मुलामा गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि दोन आठवड्यांत नवं टोक घ्यावं लागतं. खरा उपाय आजीला ठाऊक होता. कल्हईवाला भट्टीवरच्या तापल्या भांड्यात चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसला की पातेलं चांदीसारखं. आयर्नचं गरम टोक नवसागराच्या वडीवर थोड्या सोल्डरसह घासलं की तेच होतं. ही चक्क कल्हईच. पण कल्हई म्हटलं की छंदाची शान जाते, म्हणून ‘टिप टिनिंग’ म्हणा आणि कानस वापरा.

फटींची चिंता नको. तुकडे जुळले नाहीत तिथे सोल्डर ओता. ते फटीतून खाली गळतं आणि मागच्या बाजूला ढेकूळ होऊन बसतं. ढेकूळ वितळवायला आयर्न त्याच जागी धरून ठेवा. चार सेकंद, पाच सेकंद, सहा. मग एक बारीकसा ‘टिक्’ ऐकू येईल. हा उष्णतेने काच तडकल्याचा आवाज, आणि तडकलेला तुकडा हटकून मधला असतो, ज्याच्या चारही बाजू जोडून झालेल्या आहेत. फट रुंद असेल तर मागून टेप लावून थोडं थोडं, मध्ये थंड होऊ देत भरता येतं. खरं तर फट कापतानाच पडलेली असते, पण कापणं मागच्या महिन्यात झालं, आता त्याचं काय.

शिशाला घाबरून एन-९५ मास्क लावा आणि त्याच हातांनी बाकरवडी खा. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. डोळ्यांत जाणारा धूर फ्लक्सचा, त्याला उघडी खिडकी आणि पंखा हवा. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. लहान मुलं आणि गरोदर बाई असलेल्या घरात हे काम स्वयंपाकघरात करू नये, एवढं एक वाक्य उपरोध बाजूला ठेवून वाचा.

काम संपलं की फ्लक्स धुऊ नका, दमला असाल. सकाळी रेघांवर पांढरा खार फुललेला दिसेल, त्यावरच पॅटिना, म्हणजे सोल्डर काळं करणारं रसायन, फासा, म्हणजे मोराला कोड फुटल्यासारखे ठिपके येतील.

टांगायचं कसं? सर्वांत वरच्या तुकड्याच्या कडेला, नुसत्या पट्टीवर, तांब्याची एक कडी चिकटवा. पट्टी फक्त गोंदावर धरलेली असते, पॅनेलचं वजन ती काही दिवस पेलते आणि मग एका रात्री सोलून निघते. कडी दोन तुकड्यांच्या सांध्यावर, जिथे सोल्डरची रेघ खालपर्यंत जाते तिथे, एकाऐवजी दोन कड्या, आणि भोवती पितळी पन्हळीची चौकट, इतकी सावधगिरी बाळगली तर मोर वर्षानुवर्षं खिडकीतच राहील आणि तुम्हाला पुढचं काही करायला सवडच मिळणार नाही.

पडल्यावर तो आधी जमिनीच्या रेघेवर दुमडेल, हे आपण चित्रातच ठरवलं होतं. वाचलेले तुकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवा. त्यांत एखादा सरळ कडांचा, नीट कापलेला त्रिकोण सापडेल. त्याच्याकडे फार वेळ पाहू नका. त्याच्यासारखे अकरा आणखी कापले की आठ इंची पॅनेल होतं.