प्रॉम्प्टरचा उत्सव

गोव्यात उत्सवी नाटकाला प्रॉम्प्टर होणं काय असतं, ते विंगेत उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. पोस्टरवर ‘रात्री ठीक १० वाजता’ छापलेलं असतं. हे ‘ठीक’ कुणासाठी, देव जाणे. आधी पालखी, मग आरत्या, मग पावणी, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव. केळ्यांच्या एका घडावरून दोन शेजारी इरेला पेटले की बारा सहज वाजतात. त्यानंतर सत्कार. मग कुठे नांदी.

यंदा ‘सौभद्र’. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगमंचावर आणलेलं हे नाटक गावातल्या तमाम म्हाताऱ्यांना तोंडपाठ. पाठ नसतं ते फक्त स्टेजवरच्यांना. आमचा अर्जुन बँकेत आहे. तालमींना तो बहुतेक फोनवरूनच हजर असायचा. शब्द अडला की विंगेकडे अशा व्याकूळ नजरेनं बघतो, की लोकांना वाटावं सुभद्रा आतच उभी आहे. मी कुजबुजलो तर त्याला ऐकू येत नाही. जरा आवाज चढवला, तर डोक्यावर लोंबणारा माईक ते इमानेइतबारे गावभर पोचवतो. तेवढ्यात पहिल्या रांगेतली काकी ते वाक्य सांगून मोकळी होते आणि अर्जुन तिच्याकडे वळून चक्क ‘होय’ म्हणतो.

त्यात गाणं! मास्टर दीनानाथांचं मंगेशी आणि केसरबाईंचं केरी ज्या मुलखात, तिथे कान सगळ्यांचेच तयार. गळ्यांबद्दल न बोललेलं बरं. मोगूबाईंचं कुर्डी साळावली धरणात बुडालं, ते निदान उन्हाळ्यात वर येतं. आमच्या अर्जुनाचा षड्ज बुडाला की बुडालाच. ऑर्गनवाला बिचारा पट्टी बदलत त्याच्यामागे धावतो. वन्समोअर मात्र हमखास, कारण सासुरवाडी तिसऱ्या रांगेत.

रात्र सरून उषःकाल होतोय, असं कृष्ण रुक्मिणीला गाऊन सांगतो ते पद आलं, आणि देवळामागे खरोखरच कोंबडा आरवला. त्याला टाळ्या पडल्या. मग पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला आणि मागच्या चार रांगा पाव आणायला उठल्या.

दिग्दर्शक धावत विंगेत आले. “लग्न तेवढं ठेव रे, बाकीचं काप.”

मी पानं उलटत होतो, तोच संध्याकाळपासून रंगून बसलेला बलराम गदा घेऊन समोर उभा. त्याला आता खराखुरा राग आला होता. तो वाया जाऊ नये, म्हणून त्याचाच प्रवेश आधी घेतला.