खुलासा: १९०८ ची ब्रिटिश पेन्शन

सध्या एक मजकूर फिरतो आहे: 'ब्रिटनच्या लिबरल सरकारने १९०८ साली निव्वळ दयेपोटी सगळ्या वृद्धांना पेन्शन दिली.' हे खरं नाही. पेन्शन फक्त ७० वर्षं पूर्ण केलेल्या, तुटपुंज्या उत्पन्नाच्या लोकांना होती. आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग, तीही १ जानेवारी १९०९ पासून.

दयेचं म्हणाल तर कळवळा होताच, पण तेवढंच कारण नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी (१८९९-१९०२) सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण अशक्त म्हणून परत पाठवावे लागले, आणि राज्यकर्ते धास्तावले. १९०६ च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे २९ खासदार आले, म्हणजे कामगारांच्या मतांचाही दबाव होता. शिवाय ब्रिटन मागे पडलं होतं: जर्मनीत तर वृद्धांच्या विम्याचा कायदा १८८९ लाच झाला होता.

माझ्या मते खरा धक्का दिला तो गरिबीचे अभ्यासक सीबोम राउंट्री यांच्या १९०१ साली छापलेल्या पाहणीने. तिच्यानुसार इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातली सुमारे २८ टक्के माणसं गरिबीत होती. त्यांतल्या कितीतरी घरांत कर्ता माणूस रोज राबत होता, तरी मजुरी पोटाला पुरत नव्हती. गरीब म्हणजे आळशी नाहीतर दारुडा, हा समज या आकड्यांपुढे टिकेना. 'दयेपोटी' म्हणताना नेमकी हीच राबणारी माणसं गाळली जातात, म्हणून हा खुलासा.