साडूंची वायर

आमच्या साडूंना कान आहेत. कान तसे इंदूरात सगळ्यांनाच असतात. लताबाई 1929 साली इथे जन्मल्या, अमीर खाँसाहेबांचं घराणं इंदूरच्या नावानं ओळखलं जातं, त्यामुळे सूर आपल्याला जन्मजात कळतो असा इथल्या पोहेवाल्याचाही समज आहे. पण साडूंचे कान म्हणजे आमच्या सासुरवाडीतला आदराचा विषय. लग्नात सनई उतरली की आधी साडूंच्या कपाळाला आठी पडते, मग सनईवाल्याला कळतं.

दिवाळीच्या फराळाला ते आमच्या रामबागेतल्या घरी आले. बाबांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर मी हौसेनं खाँसाहेबांचा मारवा लावला. साडू हातातली करंजी तशीच धरून छताकडे बघत बसले. तेव्हाच ओळखलं, आता खर्च निघणार.

"दिलीपराव, खाँसाहेब कुठे बसलेत?"

"म्हणजे?"

"आवाज कुठून येतोय ते सांगा. मला तर ते घरभर फिरतायत असं वाटतंय. आणि तबला पार फुसका. वायर कुठली लावलीय?"

स्पीकरमागून ओढून दाखवली. 23/76ची, म्हणजे 23 बारीक तारांची, पीळ घातलेली, दोन्ही पदर मूळचे पांढरे, आता बदामी. अकरा वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा इलेक्ट्रिशियनकडे उरलेलं भेंडोळं. रंगवाले गेल्यावर सगळं मीच माझ्या हातानं जोडलं होतं. साडूंनी वायर पालीच्या शेपटीसारखी दोन बोटांत धरली आणि म्हणाले, "अहो, ही डोअरबेलची वायर!"

दुसऱ्या दिवशी आम्ही जेल रोडला. दुकानदारानं लाकडी खोकं उघडलं. आत जांभळी मखमल, मखमलीवर विणीची जाड वायर, टोकांना सोन्याचा मुलामा. मंगळसूत्राच्या दुकानात बसतो तसा मी सावरून बसलो. दोन स्पीकर, प्रत्येकी 4 मीटर, एकूण 14,000 रुपये. वायरीवर छोटे बाण छापलेले. बाणाचं तोंड स्पीकरकडे ठेवायचं, 100 तास वाजल्यावर वायर "खुलते", आणि पटली नाही तर 7 दिवसांत परत, पण खोक्यासकट.

घरी हिनं फक्त हिशेब केला. "मीटरला साडेसतराशे. एवढ्यात दोन महेश्वरी आल्या असत्या, आणि त्या साडेपाच-साडेपाच मीटर असतात."

रात्री वायर जोडली. इतक्या महागाची वस्तू म्हणून चष्मा लावला, टॉर्च घेतला, लाल पट्टीचा पदर लाल खटक्यात, काळा काळ्यात, दोनदा तपासून. मारवा लावला.

आणि खाँसाहेब येऊन बसले. खोटं सांगत नाही. दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, भिंतीवर बाबांचा फोटो आहे त्याच्या खाली, मांडी घालून. डग्ग्याला पोट आलं. तानपुरा मागे सरकला. मी टेपवरून ऐकलेला नव्हे, समोर बसून ऐकलेला मारवा ऐकत होतो. हीसुद्धा पदराला हात पुसत दारात उभी राहिली आणि चक्क पाच मिनिटं काही बोलली नाही.

साडूंना फोन केला. रात्रीत सासुरवाडीत बातमी झाली. देवासच्या मावससासऱ्यांनी वायरीचा नंबर मागितला.

इथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण शनिवारी भाचा आला. तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे सगळं माहीत असण्याच्या वर्षाला. आधी तो बाणांना हसला. "मामा, स्पीकरला जाणारा करंट एसी असतो. सेकंदाला शेकडो वेळा जातो आणि तितक्याच वेळा उलटा येतो. तो बाण बघून चालेल?" हे मला पटलं. राजवाड्याजवळच्या वन-वेत तरी कोण बाण बघून चालतं! मग तो सोन्याला हसला. सोनं तांब्याइतकंही वीज वाहून नेत नाही म्हणे. गंजत नाही, काळं पडत नाही, एवढाच त्याचा गुण. मग कागद घेतला. "तुमच्या जुन्या वायरीचा जाऊन-येऊन 8 मीटरचा रोध साधारण 0.2 ओहम. नवी 2.5 चौरस मिलिमीटरची, तिचा 0.06 च्या आत. पुढे स्पीकर 8 ओहमचा. दोन वायरींमध्ये आवाजाचा फरक 0.2 डेसिबलसुद्धा नाही. गच्चीवर 40 मीटर नेली असती तर गोष्ट वेगळी, जुनीनं 2 ओहम खाल्ले असते. तेव्हा जाड वायर हवीच. पण तीसुद्धा सियागंजच्या बाजारातली साधी चालली असती."

"अरे, पण मी ऐकलंय ना! मामीनं ऐकलंय."

"तेच तर. एवढा फरक वायर करूच शकत नाही. जुनी वायर कुठाय?"

माळ्यावरून भेंडोळं काढलं. टोकांना मी तेव्हा चिकटपट्टी लावून बॉलपेननं ‘ला’ आणि ‘का’ लिहून ठेवलं होतं. माझी व्यवस्थितपणाची सवय. भाच्यानं स्पीकरांच्या जाळ्या काढल्या, जुनी वायर पट्ट्यांप्रमाणे स्पीकरला जोडली आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून दुसऱ्या टोकाला ‘ला’ आणि ‘का’ला टेकवला. उजव्या स्पीकरचा कागदी पडदा टुक् करून पुढे आला. डाव्याला टेकवला. तो टुक् करून मागे गेला.

त्यानं पुन्हा केलं. उजवा पुढे, डावा मागे.

दोघांनी सतरंजी झटकताना एकानं हात वर न्यावा तेव्हा दुसऱ्यानंही न्यावा. इथे अकरा वर्षं एक वर नेत होता, दुसरा खाली. एक स्पीकर हवा ढकलायचा तेव्हा दुसरा ओढायचा, आणि ठेका आपसांत जिरून जायचा. त्यात ते ध्वनिमुद्रण जुनं, मोनो. दोन्हीकडे अगदी तेच, म्हणजे भांडणही अगदी बरोबरीचं. डाव्या वायरीच्या एका टोकाला ‘ला’ एका पदरावर होतं, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच पदरावर. अक्षर माझंच. ‘ला’चा काना मी नेहमी जरा तिरका काढतो.

भाचा हसायला लागला. मला मात्र बाबा आठवले.

रंग दिला त्याच आठवड्यात बाबा म्हणाले होते, "खाँसाहेब लांब गेले रे. रंग दिल्यापासून घरात आवाजच धरत नाही." मी म्हणालो, रंगाचा आणि आवाजाचा काय संबंध, तुमचं वय झालंय. त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. यंत्र घेतलं. ते यंत्र लावून बाबा मारवा ऐकायचे, यंत्र काढून पुन्हा ऐकायचे, आणि मान हलवून शेवेच्या डब्यावर ठेवून द्यायचे. जाईपर्यंत त्यांचं एकच म्हणणं होतं, बिघाड रंगात आहे. तारीख तरी त्यांची बरोबर होती.

वायर परत करायला दोन दिवस उरले होते. पण खोक्यात हिनं दिवाळीच्या बांगड्या ठेवल्या होत्या. मखमलीला बांगड्यांचे गोल उठले होते. "एवढ्या पैशांत काहीतरी माझंही," ती म्हणाली, आणि विषय संपला.

भाच्यानं जाताना उजवीकडे नवी वायर ठेवली आणि डावीकडे जुनीच, पदर सरळ करून. म्हणे, प्रयोग.

रविवारी साडू पोह्यांना आले. जिरावन भुरभुरलं, शेव घातली, बशी मांडीवर घेऊन बरोबर मधोमध बसले आणि डोळे मिटले. मारवा सुरू झाला. खाँसाहेब बाबांच्या फोटोखाली येऊन बसले. साडूंच्या कपाळाची आठी हळूहळू गेली.

"बघा दिलीपराव," डोळे न उघडता ते म्हणाले, "आज जास्त खुललीय. झाले असतील ना 100 तास?"

ही स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती.

"झाले असतील," मी म्हणालो. "अजून थोडे पोहे घ्या."