जेकिलला सगळं आठवत होतं

दोन आठवडे फिरत असलेलं ते 'मानसशास्त्रीय रसग्रहण' परवा मोठ्या काकांनी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं. स्टीव्हन्सनच्या 'डॉ. जेकिल अँड मि. हाईड' या इंग्रजी कादंबरिकेत प्रतिष्ठित डॉक्टर जेकिल स्वतः बनवलेलं औषध पिऊन दुष्ट हाईड होतो. ती म्हणे स्किझोफ्रेनियाची गोष्ट. हाईड काय करतो ते बिचाऱ्या जेकिलला ठाऊकच नसतं. आणि स्टीव्हन्सनने हे मनोविश्लेषणवाला फ्रॉइड वाचून लिहिलं. माझा आतेभाऊ त्याच ग्रुपवर आहे. तो स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेतो आणि रोज कामावर जातो. खाली लगेच कुणीतरी लिहिलं, 'म्हणजे आपल्याकडेही एक हाईड आहे तर!' (आतेभाऊच म्हणाला लिही, म्हणून लिहितेय.)

फ्रॉइडचं आधी उरकते. कादंबरिका आली जानेवारी १८८६ मध्ये. फ्रॉइडने व्हिएन्नात दवाखाना थाटला तो त्याच वर्षी, नंतर. मनाचे तीन भाग पाडणारी त्याची इड-इगो-सुपरइगो ही मांडणी १९२३ची. स्टीव्हन्सन १८९४ मध्येच वारला होता.

आता ते 'ठाऊकच नसतं'. शेवटचं प्रकरण म्हणजे जेकिलचा कबुलीजबाब, आणि ते वाचायचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत. दोन्ही रूपांची स्मृती एकच, असं तो स्वतः सांगतो. शिवाय त्याची तयारी बघा. हाईडसाठी लंडनच्या सोहो भागात घर घेतो, ते सांभाळायला कामवाली बाई नेमतो, नोकरांना बजावतो की या माणसाला आपल्या घरात मोकळीक आहे, मृत्युपत्रही त्याच्या नावे करतो. हाईडने तुडवलेल्या मुलीच्या भरपाईचा चेक जेकिलच्या सहीने द्यावा लागला आणि बिंग फुटायची वेळ आली. मग गडी हाईडच्या नावे वेगळं खातं काढतो, आणि आपलंच अक्षर मागे झुकवून त्याला सही बहाल करतो. भान हरपलेला माणूस हे करतो?

त्याला चैन हवी आहे आणि अब्रूही. घरसुद्धा तसंच: पुढे चौकातला भारदस्त दरवाजा, मागे गल्लीत रंग उडालेलं दार, ना घंटा ना ठोकायला कडी.

एक मान्य करते, नाइलाजाने. शेवटी हाईड आवरेनासा होतो; रीजंट्स पार्कच्या बाकावर औषध न घेताच जेकिलचा हाईड होतो. माणसात एकाहून अधिक माणसं असतात, हेही पुस्तकात आहेच. पण स्किझोफ्रेनिया म्हणजे ते नव्हे. भास, भ्रम, विचारांची विस्कटलेली घडी असा तो आजार. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलरने १९०८ मध्ये घडवलेल्या या शब्दाचा ग्रीक अर्थ 'दुभंगलेलं मन', तिथून हा घोळ.

काकांना ते प्रकरण पाठवलंय. अजून निळ्या खुणा नाहीत. आतेभावाचा मात्र निरोप आला: 'त्यांना फक्त सहीचं पान पाठव.'